तिचं रडणं, तिचा श्वास

लेक चार महिन्यांची असताना मी तिला 'किरकिरी' म्हणायला लागलो. लाडानंच म्हणायचो. पण पुढे दहा महिन्यांनी ती दवाखान्यात धापा टाकत होती, तेव्हासुद्धा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हेच: "डॉक्टर, ती मुळातच किरकिरी आहे." त्या एका शब्दामागे काय काय झाकलं गेलं आणि ते उलगडायला आम्हाला दोन-अडीच वर्षं कशी लागली, ते लिहितोय. ज्यांच्या घरी रडवं बाळ आहे आणि त्याची छाती वरचेवर भरते, त्यांच्यासाठी मुख्यतः.

ती खरोखरच अवघड बाळ होती. डोक्यातून कपडा काढताना डोळ्यांसमोर क्षणभर अंधार झाला की आकांत. दिवा लावला की दचकणं, अनोळखी माणूस जवळ आला की आधी ओठ काढणं आणि मग टाहो. रात्री दर दीड-दोन तासांनी उठायची आणि खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्याशिवाय शांत व्हायची नाही. माझी आई म्हणायची, "तूही असाच होतास रे." ते ऐकून मला बरंच वाटायचं. म्हणजे हे रक्तातलंच आहे, मोठी झाली की सुधारेल.

नवव्या महिन्यात पहिला धक्का बसला. तिनं माझा चष्मा ओढला, मी तो तिच्या हातातून सोडवून घेतला. तिनं तोंड उघडलं, एक लांबलचक रडणं बाहेर पडलं आणि आवाजच थांबला. तोंड उघडंच राहिलं. ओठ आधी जांभळट, मग निळे झाले, मान मागे गेली आणि अंग सैल पडलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बायको म्हणते, पाऊण मिनिटही नसेल. मग एक हुंदका आला, श्वास सुरू झाला आणि ती माझ्या दंडावर मान टाकून पडून राहिली, घामेजलेली.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. रडताना श्वास अडकण्याचे हे झटके बहुधा सहा महिने ते दीड वर्ष या वयात सुरू होतात आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबतात, असं त्यांनी सांगितलं. मूल हे मुद्दाम करत नाही. श्वास बाहेर पडतो आणि पुढचा आत घेणं क्षणभर अडून राहतं. अशा वेळी मुलाला कुशीवर आडवं करायचं, तोंडावर पाणी मारायचं नाही, गदागदा हलवायचं नाही. झटके लोहाच्या कमतरतेनं वाढतात म्हणून रक्त तपासलं. तेव्हाच्या निकषाप्रमाणे या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ती रक्ताल्पता धरत (२०२४ पासून जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांसाठी १०.५ धरते). लेकीचं ९.२ निघालं. लोहाचं औषध सुरू झालं आणि आठवड्याला एक-दोनदा येणारे झटके तीन महिन्यांत जवळजवळ थांबले.

बाईंनी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती, हे झटके हट्टी मुलांनाच येतात हा समज चुकीचा आहे. मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही, ती रागानं श्वास धरते." जे ऐकलं त्याच्या नेमकं उलट. त्यानंतर तिच्या श्वासाबद्दल कुणी काही बोललं की आमच्याकडे उत्तर तयार असायचं.

एक वर्ष पूर्ण झाल्यावर सर्दी-खोकल्याचं चक्र सुरू झालं. सर्दी दोन दिवसांत जायची, खोकला दहा दिवस रेंगाळायचा आणि रात्री वाढायचा. दोनदा 'छाती भरली आहे' म्हणून नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं यंत्र, लावून आणलं. चौदाव्या महिन्यात, तिसऱ्या वेळी, बायको मध्यरात्री म्हणाली, "अरे, हिचं रडणं आज वेगळं आहे." मी म्हणालो, "रोजच वेगळं असतं." तिनं माझ्याशी वाद घातला नाही. लेकीचा सदरा वर केला, दिवा लावला आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून माझ्यासमोर धरला.

तो व्हिडिओ मी नंतर कितीदा तरी पाहिला आहे. पोट भात्यासारखं उडतंय. प्रत्येक श्वासाला शेवटच्या बरगडीखाली खड्डा पडतोय, गळ्याशी, हाडाच्या वरच्या खोबणीतही कातडी आत ओढली जातेय. आणि रडणं तुटक. एरवी तिचं रडणं म्हणजे एकच लांब सूर, खिडकीबाहेर ऐकू जाईल असा. त्या रात्रीचं रडणं म्हणजे एक आवाज, मग श्वास, पुन्हा अर्धा आवाज, पुन्हा श्वास. जोरात रडायलाही श्वास पुरावा लागतो. तिच्याकडे तो नव्हता, म्हणून ती हळू रडत होती आणि ती आज जरा कमी रडतेय असं मला वाटत होतं.

दवाखान्यात बाईंनी तिला बायकोच्या खांद्यावरच राहू दिलं, ती शांत होईपर्यंत थांबल्या आणि मग घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद तिचे श्वास मोजले. ५६. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असले तर तो जलद श्वास धरतात. रडत्या मुलाचा आकडा धरायचा नसतो आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नसतं, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. पायाच्या अंगठ्याला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ दाखवत होता. एक रात्र तिला तिथेच ठेवून घेतलं.

सकाळी मी विचारलं, "दमा आहे का?" बाई म्हणाल्या, "बाबा, आत्ता नाव देत नाही. पण दुर्लक्षही करायचं नाही." मग त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक त्याच्या निम्मं. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून सुरळीत वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेला थोडी सूज आली तर त्याला खोकला येतो, बाळाच्या बारीक नळ्यांना तेवढीच सूज आली तर छातीतून शिटी वाजते. म्हणूनच या वयात घरघर इतकी सर्रास दिसते. अमेरिकेतल्या टक्सन शहरात १९८० पासून हजाराहून जास्त मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं. १९९५ साली त्याचे जे निष्कर्ष आले त्यात सहा वर्षांपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीत कधी ना कधी घरघर झालेली होती. आणि पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास मुलांना सहाव्या वर्षी तो त्रास राहिलेला नव्हता. उरलेल्यांत आपलं मूल आहे का, हे चौदाव्या महिन्यात कुणीच सांगू शकत नाही. अंगावर इसब आहे का, सर्दी नसतानाही छाती वाजते का, आईवडिलांपैकी कुणाला दमा होता का, यावरून अंदाज बांधायचा असतो.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, तुला बाळदमा होताच की. सातव्या वर्षापर्यंत रात्ररात्र खोकायचास, छाती नुसती वाजायची. म्हणून तर रडायचास. मी सांगत होते ना, तूही असाच होतास."

ती वर्षभर तेच सांगत होती. मी त्यातला स्वभाव तेवढा उचलला होता.

बाईंनी आम्हाला दोन कामं दिली. एक, रोजची वही. रात्रीचा खोकला, झोपेतले श्वास, खेळताना किंवा हसताना खोकला येतो का, दिलेलं औषध, आणि एका ओळीत तिचा मूड. दुसरं, मुलांच्या मानसशास्त्रज्ञांची भेट. दुसऱ्या कामाला मी तयार नव्हतो. छातीच्या दुखण्याला मानसशास्त्र कशाला? बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक वाक्यात तिचा स्वभाव आणता. तर एकदा तो मोजूनच घेऊ."

मला वाटलं होतं, मानसशास्त्रज्ञ बाई लेकीला तपासतील. त्यांनी आम्हा दोघांच्या हातात वेगवेगळ्या प्रश्नावल्या दिल्या. मेरी रॉथबार्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली तान्ह्या बाळांसाठी अशी प्रश्नावली तयार केली, आमच्या लेकीच्या वयासाठी तिच्याच धर्तीवरची पुढची होती. तिची खुबी अशी की 'तुमचं मूल चिडकं आहे का' असं ती विचारतच नाही. गेल्या काही दिवसांत हातातली वस्तू काढून घेतली तेव्हा ते किती वेळा रडलं, उचलून घेतल्यावर किती वेळात शांत झालं, अनोळखी माणसाला पाहून मागे सरकलं का, असे नेमके प्रसंग विचारते, आणि 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंतच्या आकड्यांपैकी एकावर खूण करायची. तो प्रसंग घडलाच नसेल तर 'लागू नाही'.

मी पेन घेऊन बसलो आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला अडलो. मला आठवतच नव्हतं. 'ती सारखी रडते' एवढं मला पक्कं माहीत होतं, पण गेल्या आठवड्यात कपडे बदलताना ती किती वेळा रडली होती? बायकोच्या कागदावर उत्तरं भराभर उतरत होती. दोघांच्या उत्तरांत नको तेवढा फरक पडला. माझ्या खुणा सगळ्या टोकाला, तिच्या मधोमध विखुरलेल्या. मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, असं नेहमीच होतं. उत्तरं देणाराही थकलेला असतो, आणि झोप न झालेल्या माणसाला मूल जास्त चिडकं दिसतं.

त्यांच्याकडूनच मला कळलं की अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये सव्वाशेहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. त्यात साधारण ४० टक्के मुलं सहज सांभाळता येणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी निघाली, बाकीची कुठल्याच खणात बसली नाहीत. अवघड म्हणजे वाईट असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. मुलाची ठेवण आणि घराची रीत जुळते की नाही, यावर पुढचं बरंचसं ठरतं असं ते म्हणत. आमची लेक यातल्या दोन खणांच्या मध्ये कुठेतरी. नव्या गोष्टीला आधी नकार, नकारही कडाडून, पण वेळ दिला तर स्वीकार. हे 'वेळ दिला तर' पुढे आमच्या फार कामी आलं.

आणि वही. अडीच महिन्यांत सर्दीबरोबर छाती वाजण्याचे पाच प्रसंग नोंदले गेले. त्यातल्या चारांत आदल्या दिवशीच्या मूडच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: चिडचिड, पोट भरण्याआधीच तोंड फिरवलं, दुपारी झोप नाही. खोकला सुरू व्हायच्या आधी. ती नेहमीसारखी किरकिर करत नव्हती, ती आम्हाला सांगत होती. एका मुलीच्या वहीवरून नियम काढता येत नाही हे मला समजतं, पण आमच्या घरापुरती ती खूण आजही खरी ठरते.

याच काळात बायकोच्या वाचनात काही जुनं आलं आणि ती दोन दिवस गप्प गप्प राहिली. १९४१ च्या सुमारास शिकागोतले फ्रांझ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच हे मनोविश्लेषक मांडत होते की दम्याचा झटका म्हणजे आईसाठी फोडायचा राहिलेला, दाबून टाकलेला टाहो. मुलाची छाती वाजते कारण आईशी त्याचं नातं बिघडलेलं आहे. पुढे मरे पेश्किन या डॉक्टरांनी अमेरिकेत डेन्व्हर इथे दम्याच्या मुलांना महिनोन्‌महिने आईवडिलांपासून लांब ठेवायचा उपचार पुरस्कारला. त्याला नाव असं दिलं होतं की जणू गाठ कापून काढावी तसे आईबाप कापून काढायचे. घर सुटलं की घरातली धूळ, धूर आणि वारंवार होणारा संसर्गही सुटतो, हे बरं वाटण्याचं कारण असू शकतं. पण बोट आईकडे दाखवलं गेलं. कितीतरी बायकांनी हे ओझं आयुष्यभर वाहिलं असेल. आमच्या घरात चूक कुणाची असेलच तर ती माझी होती. मी ऐकत नव्हतो. व्हिडिओ तिनं काढला होता.

आज चित्र वेगळं आहे, तरी मन आणि छाती यांचा धागा कुणी तोडून टाकलेला नाही. रोझालिंड राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली बॉस्टनमधल्या बाळांचा अभ्यास मांडला, त्यात बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना सांभाळणाऱ्यावर ताण जास्त असेल तर पुढे घरघरीचं प्रमाणही जास्त दिसलं. हे वाचून पुन्हा अपराधी वाटू शकतं. मला मात्र त्यातून एवढंच कळलं की रात्रीच्या येरझाऱ्या एकाच माणसानं घालायच्या नाहीत. आम्ही रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. दोननंतरची पाळी माझी.

रडण्याचा छातीवर थेट परिणाम होतो, तोही समजून घ्यावा लागला. सुजलेल्या नळ्यांतून जोरजोरात श्वास आत-बाहेर गेला की त्या आणखी आवळतात. खळखळून हसल्यावरही तेच. म्हणजे दम लागला की ती चिडते आणि चिडली की दम वाढतो. यात सुरुवात कुठून झाली ते शोधत बसण्यापेक्षा जिथून तोडता येईल तिथून तोडायचं.

वहीनंतर बाईंनी तीन महिन्यांसाठी स्टिरॉइडचा पंप सुरू केला, रोज सकाळ-संध्याकाळ एक दाब, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) आणि मास्क लावून. खरी परीक्षा इथे होती. ज्या मुलीला डोक्यातून कपडा घालणं सहन होत नाही, तिच्या नाका-तोंडावर मास्क धरायचा.

पहिले चार दिवस आम्ही तिला धरून औषध दिलं. एकानं हात धरायचे, एकानं मास्क. रडलं तर चांगलंच, मोठा श्वास घेते, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. बाईंनी ते तिथेच खोडून काढलं. रडणारं मूल श्वास लांब सोडतं आणि झटक्यात आत ओढतं. औषध घशावर आदळतं आणि गिळलं जातं, फुफ्फुसात पोचतं ते अगदी थोडं. मास्कची कड जराशी उचलली गेली तरी औषध हवेत. म्हणजे ते चार दिवस आम्ही मुलीला छळलं होतं आणि औषधही दिलं नव्हतं. झोपेत देऊन पाहिलं, तर दचकून जागी झाली आणि मग अर्धा तास रडली.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं, तिच्या वेगानं जा. बालरोगतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराची मुभा दिली, कारण तेव्हा ती बरी होती. स्पेसर खेळण्यांत टाकून दिला. दोन दिवस तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर बसून मास्क माझ्या नाकावर ठेवला आणि श्वास घेतला. झडप टिक् वाजली. ती थांबली. पुन्हा टिक्. ती रांगत आली, कारण चालण्यापेक्षा रांगणं तिला अजून भरवशाचं वाटायचं, आणि तिनं मास्कला बोट लावलं. पाचव्या दिवशी बाहुलीला, सहाव्या दिवशी तिच्या गालाला, कडेनं, एक क्षण. आठव्या दिवशी तिनं स्वतः मास्क ओढून तोंडाशी नेला आणि टिक् ऐकून हसली. पंप आम्ही त्यानंतर जोडला. आधी पंप हलवायचा, मास्क अलगद पण फट राहणार नाही असा टेकवायचा, एक दाब, मग झडपेचे टिक् मोजायचे: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ती सहाव्याला मास्क ढकलायची आणि आम्ही ढकलू द्यायचो. मग ओल्या कपड्यानं चेहरा पुसायचा आणि पाणी प्यायला द्यायचं.

स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळत ठेवायचा, फडक्यानं पुसायचा नाही. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. हे आम्हाला दीड महिन्यानंतर कळलं.

तीन महिन्यांत रात्रीचा खोकला गेला. मग बाईंनी औषध थांबवलं. आम्ही घाबरलो, पण तीही तपासणीच होती. पाच वर्षांखालच्या मुलांना फुंकर मारायची फुफ्फुसाची चाचणी बहुधा नीट जमत नाही, म्हणून औषधानं फरक पडतो का आणि थांबवल्यावर त्रास परततो का, हे पाहावं लागतं. पाचव्या आठवड्यात खोकला परतला. औषध पुन्हा सुरू झालं आणि तेव्हा कुठे बाईंनी फाइलवर 'दमा' लिहिलं. ती तेव्हा दोन वर्षांची होत आली होती.

रात्रीची झोप सुधारली तशी तिची निम्मी किरकिर गेली. निम्मी राहिली. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण दम्याचं नाव मिळाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. ती जरा रडली की स्टेथोस्कोप, जरा हट्ट केला की पंपाची पिशवी. बाई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बाबा, तिला रागवायचा हक्क आहे." आता तीन प्रश्न ठरलेत. शांत बसलेली असताना श्वास किती, बरगडीखाली खड्डा पडतो का, एका दमात पूर्ण वाक्य बोलते का. तिन्हींची उत्तरं ठीक असतील तर पंप पिशवीतच राहतो.

आता ती सहा वर्षांची आहे. परवा सकाळी शाळेत जाताना दारातच बसकण मारली, पाय झाडले, ओरडली. मी खाली बसलो, तिच्या पोटावर हात ठेवला आणि ती जरा निवल्यावर मिनिटभर मोजलं. बावीस. छाती शांत. "काय होतंय?" विचारलं. "मोजा!" ती म्हणाली. बोटांवर शिवण टोचत होती. मोजा काढला, उलटा करून घातला, आणि आम्ही निघालो.